९३ पर्सेंटाइलला कुठे नंबर लागेल? सीईटीचा कटऑफ वाचायचा कसा

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की गावोगावी एकच प्रश्न फिरतो: "९३ आले, अमरावतीचं शासकीय कॉलेज मिळेल का?" मिळेल किंवा नाही, असं एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुतेक अंदाजच ठोकत असतो. नुसत्या पर्सेंटाइलवरून ते सांगता येत नाही. मुलाचा प्रवर्ग कोणता, मुलगा की मुलगी, बारावी कोणत्या जिल्ह्यातून झाली, शाखा कोणती हवी, कागद कोणते हातात आहेत, एवढं कळलं की मग कटऑफच्या तक्त्यातला नेमका रकाना सापडतो. तो सापडला की अंदाज घरबसल्या बांधता येतो. त्यासाठी पैसे घेणाऱ्या समुपदेशकाची गरज नाही.

सुरुवात पर्सेंटाइलपासून करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के गुण नव्हेत. तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळालेली मुलं शंभरात ९३ आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पीसीएमची (भौतिक, रसायन, गणित) सीईटी २०० गुणांची असते. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल आपापल्या सत्रातल्या मुलांशी तुलना करून काढतात. म्हणून "१२० गुणांना किती पर्सेंटाइल?" असे जे तक्ते मोबाईलवर फिरतात ते फार मनावर घेऊ नयेत. एका सत्रात १२० ला जे मिळालं, ते दुसऱ्या सत्रात मिळेलच असं नाही.

आता पर्सेंटाइलचा क्रमांक करायचा. शंभरातून पर्सेंटाइल वजा करा, त्याला परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येने गुणा आणि शंभराने भागा. चार लाख मुलं बसली असतील तर ९५ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण २०,००० मुलं असतात, ९० च्या पुढे ४०,०००. हा आकडा ढोबळ आहे, पण उपयोगाचा आहे. का, ते एका हिशेबातून पाहू.

समजा मागच्या वर्षी ३ लाख ६० हजार मुलं बसली होती आणि एका कॉलेजची तुमची शाखा ९३.४ वर बंद झाली. म्हणजे तिथला शेवटचा मुलगा साधारण २३,७६० व्या क्रमांकावर होता. यंदा ४ लाख २० हजार बसली आणि तुम्हाला ९३.६ मिळाले. घरी सगळे खूश, कारण ९३.६ हे ९३.४ पेक्षा जास्त. पण तुमचा क्रमांक येतो साधारण २६,८८०. म्हणजे तुम्ही मागच्या वर्षीच्या त्या शेवटच्या मुलाच्या तीन हजार मागे आहात. परीक्षार्थी वाढले आणि जागा तेवढ्याच राहिल्या की पर्सेंटाइलचा कटऑफ वर सरकतो, क्रमांक मात्र जवळपास तिथेच राहतो. म्हणून तुलना करायची ती क्रमांकाची क्रमांकाशी.

कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी आणि कागदपत्रांची तपासणी झाली की ती चालवणारा सीईटी सेल आधी तात्पुरती आणि मग अंतिम गुणवत्ता यादी लावतो. तिच्यातला राज्य गुणवत्ता क्रमांक हा तुमचा खरा आकडा. परीक्षा दिलेली सगळीच मुलं कॅपमध्ये नोंदणी करत नाहीत, त्यामुळे हा क्रमांक वरच्या ढोबळ हिशेबापेक्षा थोडा बरा निघतो. सारखे पर्सेंटाइल असतील तर आधी गणिताचा पर्सेंटाइल पाहून पुढे-मागे लावतात. यादी लागेपर्यंत ढोबळ आकडा, यादी लागल्यावर खरा क्रमांक. मधल्या काळात कोणी "सीट पक्की करून देतो, आत्ता पैसे भरा" म्हणालं तर ती जागा बहुधा संस्थास्तराच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या कोट्यातली असते. आणि कॅपबाहेर घेतलेल्या प्रवेशाला शुल्कसवलत मिळत नाही.

तक्त्यातला आपला रकाना

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीचा कटऑफ पीडीएफमध्ये असतो. कॉलेज, शाखा, खाली रकाने, आणि प्रत्येक रकान्यात दोन आकडे. वरचा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. एक लक्षात ठेवा: ओबीसीच्या रकान्यातही जो क्रमांक दिसतो तो राज्याच्या सर्वसाधारण यादीतलाच असतो, ओबीसींच्या वेगळ्या यादीतला नव्हे. त्यामुळे आपला राज्य क्रमांक थेट त्याच्याशी ताडून पाहता येतो.

रकान्याच्या कोडचे तीन तुकडे पाडा. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वांसाठी, एल असेल तर मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतली जागा. मधला भाग प्रवर्ग: ओपन, एससी, एसटी, व्हीजे, एनटी-१, एनटी-२, एनटी-३, ओबीसी, एसईबीसी. व्हीजे म्हणजे विमुक्त जाती, एनटी-१ म्हणजे भटक्या जमाती ब, एनटी-२ म्हणजे क, एनटी-३ म्हणजे ड. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. टीएफडब्ल्यूएस (शुल्कमाफीच्या जागा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हे रकाने वेगळे असतात.

विदर्भातल्या मुलांचं सगळ्यात जास्त गणित बिघडतं ते या शेवटच्या अक्षरावर. ज्या कॉलेजांना गृह विद्यापीठाचा नियम लागू आहे, तिथे राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना मिळतात. विदर्भ आपल्याला एक वाटतो, पण त्यात विद्यापीठं तीन. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा हे पाच जिल्हे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात. चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात. म्हणजे यवतमाळच्या मुलाने नागपूरच्या खासगी कॉलेजचा एच रकाना पाहून आनंद मानण्यात अर्थ नाही. त्याचा रकाना ओ. शेगावच्या कॉलेजात मात्र तोच मुलगा घरचा.

आणि हद्द ठरते ती बारावी कुठल्या कॉलेजातून झाली त्यावरून, गाव कुठलं त्यावरून नव्हे. वाशीमचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला, तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं. 'टाय-अप'मध्ये मुलगा नागपूरला क्लास करतो आणि कागदोपत्री प्रवेश दारव्हा किंवा मूर्तिजापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात असतो, तिथे कागदावरचं कॉलेज धरलं जातं. अकरावीला ही गोष्ट कोणी सांगत नाही. बारावीनंतर तिच्यात काही बदलता येत नाही.

काही शासकीय स्वायत्त कॉलेजांत सगळ्या जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे रकाने एसचे दिसतात. तिथे मुंबई-पुण्यापासून सगळेच स्पर्धेत असतात आणि जवळ राहण्याचा काही फायदा मिळत नाही. कोणत्या कॉलेजला काय लागू आहे हे पीडीएफमध्ये कॉलेजच्या नावाखालच्या ओळीतच छापलेलं असतं. कॉलेजचा दर्जा बदलला, ते स्वतंत्र विद्यापीठ झालं, तर ही ओळही बदलते आणि मागच्या वर्षांचे कटऑफ तुलनेला उपयोगी राहत नाहीत. म्हणून आकड्याआधी ती ओळ वाचा.

आणखी एक गफलत. एकाच फेरीच्या दोन पीडीएफ असतात, महाराष्ट्राची आणि अखिल भारतीय जागांची. खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात आणि त्या भरताना आधी जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचा गुण पाहतात. मुलं चुकून तीच फाईल उघडतात आणि तिथले आकडे आपल्या सीईटीशी जुळवत बसतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

दारव्हा तालुक्यातली कुणबी समाजाची मुलगी, बारावी दारव्ह्यातच, पर्सेंटाइल ९३.६, गुणवत्ता क्रमांक समजा २५,०००. ती कोणत्या रकान्यांत बसते? अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतल्या खासगी कॉलेजात जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओबीसी-एच, एल-ओबीसी-एच या चारही रकान्यांत. राखीव प्रवर्गातली मुलगी खुल्या जागेलाही पात्र असतेच. या चारांपैकी ज्यात क्रमांकाची मर्यादा सगळ्यात लांब गेली आहे, तो तिचा रकाना. नागपूरच्या कॉलेजांसाठी हेच चार, पण शेवटी ओ. राज्यस्तराच्या कॉलेजांसाठी शेवटी एस. बरेच पालक फक्त जी-ओबीसी पाहतात आणि एल-ओबीसी पाहायचं विसरतात.

आता मागच्या तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीचे आकडे त्या रकान्यातून उतरवून घ्या. समजा एका शाखेचे आकडे निघाले २३,०००, २८,५०० आणि २६,०००. यातला सगळ्यात कडक २३,०००, सगळ्यात सैल २८,५००. तुमचा क्रमांक कडक आकड्याच्याही आत असेल तर ती शाखा मिळायला हरकत नाही. सैल आकड्याच्या बाहेर असेल तर नाव लिहायला बंदी नाही, पण तिच्यावर विसंबू नका. या मुलीचे २५,००० दोन्हींच्या मधे पडतात, म्हणजे ही काठावरची शाखा. तिच्याखाली दोन-तीन पक्क्या शाखा हव्यातच. सरासरी मात्र काढू नका, एखाद्या वर्षीच्या विचित्र आकड्याने ती बिघडते.

विचित्र आकडे येतात ते लहान रकान्यांत. खासगी कॉलेजातली ६० जागांची शाखा घ्या. २० टक्के, म्हणजे १२ जागा संस्थास्तराच्या. १५ टक्के, म्हणजे ९ अखिल भारतीय. उरल्या ३९. त्यांचे ७० टक्के साधारण २७. यात एनटी-१ चं आरक्षण अडीच टक्के. म्हणजे पुरती एक जागाही येत नाही. कधी येते, कधी रकानाच दिसत नाही. अशा ठिकाणी कटऑफ एका वर्षी ९१ आणि दुसऱ्या वर्षी ६८ असू शकतो. कारण तो कटऑफ म्हणजे कोणत्या तरी एकाच मुलाचा निकाल असतो. एससी किंवा ओबीसीसारख्या मोठ्या प्रवर्गांचे आकडे जास्त स्थिर असतात. लहान प्रवर्गाच्या मुलांनी एका शाखेच्या आकड्यावर न जाता त्याच कॉलेजच्या चार-पाच शाखांचे आकडे एकत्र पाहावेत.

जागा वाढल्या की क्रमांकाची मर्यादा लांबते. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा घ्याव्यात यावरची कमाल मर्यादा काढली, आणि संगणक व त्याच्या आसपासच्या शाखांत तुकड्या वाढल्या. त्यामुळे कटऑफ पाहताना त्या शाखेची यंदाची प्रवेशक्षमता मागच्या वर्षीएवढीच आहे ना, हे जागांच्या तक्त्यात पाहून घ्या. ६० च्या १८० झाल्या असतील तर जुना आकडा फारच कडक दिसेल. शिकवणारे प्राध्यापक तेवढ्या वेगाने वाढले का, हा प्रश्न कॉलेजात जाऊन विचारण्यासारखा आहे.

टीएफडब्ल्यूएस ही शिक्षण शुल्क माफीची योजना. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ६० च्या शाखेत तीन जागा. त्यामुळे तिचा कटऑफ साधारणपणे नेहमीच्या खुल्या जागेपेक्षाही वर असतो. तिचा चॉइस कोड (पसंती भरताना लिहायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी लागतो. तो वेगळा भरला नाही तर तिचा विचारच होत नाही. वरच्या उदाहरणातल्या मुलीला मात्र तिच्यामागे धावायची गरज नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला आहे.

जेईईचं खातं वेगळं

व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटीचा अंदाज बांधताना वरच्या कित्येक गोष्टी उलट होतात. या केंद्रीय संस्थांचे प्रवेश करणाऱ्या जोसाच्या तक्त्यात ओबीसी-एनसीएलसमोर (नॉन क्रिमीलेअर ओबीसी) जो शेवटचा क्रमांक दिसतो तो त्या प्रवर्गातला क्रमांक असतो. त्याच्याशी आपला सर्वसाधारण क्रमांक जुळवला तर मिळणारी जागाही मिळणार नाही असं वाटतं. निकालपत्रावर दोन्ही क्रमांक असतात, आपल्या प्रवर्गाचाच घ्या. मेनला अलीकडे १४ ते १५ लाख मुलं बसतात, त्यामुळे तिथले ९५ पर्सेंटाइल म्हणजे साधारण ७० ते ७५ हजारावा क्रमांक. सीईटीच्या ९५ शी त्याची तुलना होत नाही.

व्हीएनआयटी नागपूर ही महाराष्ट्रातली एकमेव एनआयटी. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. पण महाराष्ट्राचा मुलगा म्हणजे बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेला. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिली, तर गाव वर्धा जिल्ह्यात असलं तरी त्याचं गृह राज्य राजस्थान होतं. नागपूर आणि पुण्याच्या ट्रिपल आयटीत असा राज्याचा वाटा नसतो.

दुसरी अट बारावीची. राज्याच्या कॅपला पीसीएममध्ये ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. एनआयटी-आयआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, एससी-एसटीला ६५, किंवा मग आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. क्लासच्या नादात बोर्डाचं इंग्रजी सोडून दिलेल्या मुलांना हे जूनमध्ये कळतं.

प्रवर्गही बदलतात. केंद्रात व्हीजे, एनटी, एसबीसी असे प्रवर्गच नाहीत. बंजारा समाज राज्यात व्हीजे, केंद्राच्या यादीत ओबीसी. धनगर राज्यात एनटी-क, वंजारी एनटी-ड, केंद्रात दोन्ही ओबीसी. एसईबीसीला केंद्रात आरक्षण नाही. तिथे अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएस पाहावं, पण केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ५ एकर किंवा त्याहून जास्त शेती चालत नाही. कोरडवाहू असली तरी नाही.

ऑप्शन फॉर्म

इतका अंदाज बांधल्यावर मुलं पसंतीच्या या फॉर्ममध्ये एक चूक करतात: कॉलेजांचा क्रम मिळण्याच्या शक्यतेनुसार लावतात. क्रम आवडीनुसार लावायचा. संगणक पहिल्या पसंतीपासून खाली येतो आणि जिथे बसाल तिथे थांबतो. वर अशक्य कॉलेज लिहिल्याने खालच्या पसंतीचा हक्क जराही कमी होत नाही. उलट सुरक्षित कॉलेज वर लिहिलं तर तेच गळ्यात पडतं.

२०२५-२६ च्या प्रवेशापासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत आणि हे गळ्यात पडणं आणखी कडक झालं आहे. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तेच. नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे वरच्या सहा ओळींत मनापासून नको असलेलं एकही नाव नको. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पसंती चालतात, वीस-पंचवीस लिहून थांबण्याची कंजुषी कशाला? पण जिथे खरोखर जाणार नाही ते नाव तीनशेव्या ओळीतही लिहू नका. नेट कॅफेवाल्याने त्याच्याजवळची तयार यादी भरून दिली तर प्रिंट घेऊन प्रत्येक कोड स्वतः वाचा. संगणक आणि संगणक-सायबर सुरक्षा यांसारख्या जवळच्या नावांच्या शाखांचे कोड सहज चुकतात.

कागद नसेल तर रकाना बदलतो

वरचा सगळा हिशेब प्रवर्ग शाबूत राहील असं धरून केला आहे. ठरलेल्या मुदतीत नॉन क्रिमीलेअर किंवा व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) नसेल तर मुलगा खुल्यात जातो आणि त्याचे रकाने एका रात्रीत बदलतात.

नॉन क्रिमीलेअर व्हीजे, एनटी, ओबीसी, एसबीसी आणि एसईबीसी यांना लागतं, एससी-एसटीला नाही. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, त्याच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. जोसासाठी हे चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं वेगळं प्रमाणपत्र हवं. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा. ओबीसीच्या उत्पन्नाच्या चाचणीत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत, त्यामुळे "शेती जास्त आहे, निघणार नाही" असं समजून अर्जच न करणारे उगाच मागे राहतात.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या शिफारशीसह आपल्या प्रवर्गाच्या पडताळणी समितीकडे करावा. तिथे अर्ज अडकतो तो जुन्या पुराव्यावर. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजे-एनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची जातीची नोंद आणि त्या वेळचं वास्तव्य दाखवावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी दोनच कागद बहुतेकांच्या कामी येतात: आजोबा-पणजोबांच्या जन्म-मृत्यूची कोतवाल बुकाची नक्कल, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, आणि प्राथमिक शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा. नावात किंवा आडनावात फरक असेल, 'रामा' आणि 'रामाजी' एवढा जरी, तरी वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं लिहून ती एकाच व्यक्तीची असल्याचं नमूद करा. वडील, सख्खे काका किंवा आत्या यांच्यापैकी कोणाची व्हॅलिडिटी निघालेली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर लावा, काम पुष्कळ सोपं होतं.

कॅपच्या नोंदणीवेळी प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती चालते, पण ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंतच. त्या तारखेला मूळ प्रमाणपत्र अपलोड झालं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि पुढच्या फेरीत खुल्या क्रमांकाने उभं राहावं लागतं. म्हणून ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी पडताळणी समितीच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती तपासा. त्रुटीचं पत्र निघालं असेल तर ते पोस्टाने गावात येईपर्यंत थांबू नका, मूळ कागद घेऊन समितीच्या कार्यालयात जा.